शाफ्ट्सबरीला पक्षबदलू म्हणावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही स्पर्धेसाठी एकांकिका लिहिताय. विषय घेतलाय अँथनी अ‍ॅश्ली कूपर, म्हणजे शाफ्ट्सबरीचा पहिला अर्ल, सतराव्या शतकातला इंग्रज राजकारणी. वाचायला बसलात तेव्हा तुम्हाला एकाच नावाची दोन माणसं भेटली. एक संसदेसाठी राजाशी भांडणारा, तत्त्वज्ञ जॉन लॉकला आपल्या घरात आसरा देणारा, हेबियस कॉर्पसच्या (अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणाऱ्या) कायद्यामागचा. दुसरा राजाकडून संसदेकडे, तिथून यादवीनंतर सत्ता हाती घेतलेल्या सेनानी क्रॉमवेलकडे, मग पुन्हा राजाकडे आणि शेवटी राजाच्या विरोधकांकडे गेलेला आयाराम-गयाराम. तुम्ही विचारता, यातला खरा कोण? नायक करू की खलनायक? सोबत पहिल्या दोन प्रवेशांचा कच्चा खर्डाही दिलाय, तो मी वाचला.

मी कॉलेजात इंग्लंडचा इतिहास बत्तीस वर्षं शिकवला. सतराव्या शतकातल्या स्टुअर्ट राजांचा काळ दरवर्षी वाट्याला यायचा आणि दरवर्षी कुणीतरी हाच प्रश्न विचारायचं. सुरुवातीला मी ठोकून द्यायचो, "संधिसाधू, पण हुशार." पुढे तसं सांगणं बंद केलं. का बंद केलं, तेच इथे लिहितो.

पहिली अडचण शब्दाची आहे. पक्ष बदलायला आधी पक्ष असावा लागतो. चिन्ह, व्हीप, पक्षादेश, पक्षांतरबंदी यांतलं काहीच तेव्हा नव्हतं. १६४०च्या दशकात होती ती राजा आणि संसद यांच्यातली यादवी. तिच्यात गावं, घरं, सख्खे भाऊ दोन बाजूंना गेले आणि मध्येच पुष्कळांनी बाजू बदलल्या. व्हिग (राजाच्या कॅथलिक भावाला गादी नको म्हणणारे) आणि टोरी (राजाच्या बाजूचे) ही नावं रूढ झाली ती १६७९ ते १६८१च्या धामधुमीत. त्यातल्या व्हिग मंडळींची मोट बांधणारा मुख्य माणूस हाच. म्हणजे ज्याला आपण पक्षबदलू म्हणतोय, त्याने आधी पक्ष नावाची वस्तू घडवायला हातभार लावला.

पण एवढ्याने त्याची सुटका होत नाही. त्याने बाजू बदलल्या हे खरंच आहे. म्हणून वर्गात मी फळ्यावर प्रत्येक उडीसमोर तीन रकाने पाडायचो: त्या दिवशी हातात काय होतं, उडी मारून काय मिळालं, आणि त्या महिन्यात वारं कुठल्या बाजूचं होतं. रकाने भरले की मुलं आपापसांत वाद घालायला लागायची आणि माझं काम हलकं व्हायचं.

तरी उड्यांच्या आधी त्याचं लहानपण बघा, कारण तुमच्या खर्ड्यात ते अजिबात नाही. जन्म २२ जुलै १६२१, डॉर्सेट परगण्यातल्या विंबर्न सेंट जाइल्स इथे, आईच्या माहेरी. तो सात वर्षांचा होण्याच्या सुमारास आई गेली, १६३१ मध्ये वडील. मागे भरपूर जमीन आणि भरपूर कर्ज. अज्ञान वारसाची इस्टेट तेव्हा राजाच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे जायची. आपल्याकडच्या जुन्या संस्थानी घराण्यांना हे नाव चांगलं माहीत आहे, पण इंग्लंडातलं मूळ कोर्ट फार वाईट होतं. तिथे पोरक्या मुलांचं पालकत्व विकलं जायचं आणि घेणारा त्यातून पैसा काढायचा. याच्याही जमिनी विकायला निघाल्या. स्वस्तात घ्यायला टपलेल्यांत त्याच्या आजोबांचा सख्खा भाऊ होता, आणि तो पेशाने वकील. बारा-तेरा वर्षांचं हे पोर थेट राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल विल्यम नॉय याच्याकडे गेलं. आजोबांच्या इस्टेटीचे कागद नॉयनेच तयार केले होते. "तुम्हीच माझ्या बाजूने उभे राहा," असं मुलाने त्याला सांगितलं आणि नॉय उभा राहिला. राजाच्या नावाने चालणारी यंत्रणा तुमची मालमत्ता कशी पोखरते, हे या माणसाने पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पुढे जन्मभर तो "मालमत्ता" हा शब्द ज्या तिडिकीने वापरतो, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

दुसरा प्रसंग ऑक्सफर्डचा, १६३७ नंतरचा, एक्सेटर कॉलेजातला. हा त्याने स्वतःच लिहून ठेवलाय आणि तुमच्या रंगमंचासाठी आयता आहे. नव्या मुलांची रॅगिंग चालायची. संध्याकाळी दिवाणखान्यात शेकोटीपुढे एकेकाला बोलवायचं, हनुवटी पुढे करायला लावायची, आणि सीनियरने मुद्दाम वाढवलेल्या अंगठ्याच्या नखाने ओठापासून हनुवटीपर्यंत सालटं काढायचं. वर मिठाचं पाणी प्यायला लावायचं. त्या वर्षी नव्या पोरांत दणकट गडी बरेच होते. कूपर स्वतः अंगाने लहानखुरा, पण त्याने सगळ्यांना फितवलं. ठरलेल्या क्षणी त्याने समोरच्या सीनियरच्या कानाखाली आवाज काढला आणि बाकीचे तुटून पडले. प्रथा बंद झाली. याच कॉलेजात बिअर पातळ करायचा घाट घातला गेला, तेव्हाही याने पोरांना संघटित करून तो हाणून पाडला. पदवी न घेताच तो बाहेर पडला. माणसं जमवायची, वेळ ठरवायची आणि पहिला फटका आपण मारायचा, हे तिथेच शिकला असावा.

आता पहिली उडी. १६४३ मध्ये तो राजा चार्ल्स पहिला याच्या बाजूने उतरला, स्वतःच्या खर्चाने पायदळाची पलटण आणि घोडदळाची तुकडी उभी केली. वय बावीस. वेमथ आणि पोर्टलंडचा गव्हर्नर झाला, डॉर्सेटचा शेरीफही झाला. गव्हर्नरकी मिळताना खळखळ झाली. राजाच्या गोटात ती दुसऱ्याला द्यायची होती, आणि याला दिली ती मनापासून नाही. मग १६४४च्या जानेवारीत याने सगळ्या नेमणुका सोडल्या आणि २४ फेब्रुवारीला संसदेच्या बाजूला जाऊन हजर झाला. कारण दिलं की राजाच्या भोवती कॅथलिकांचा जोर झालाय, धर्म आणि राज्य दोन्ही बुडणार.

इथे एक धंद्यातली खाच सांगतो, कारण मी स्वतः तिच्यात पाय अडकवून घेतलाय. त्या काळी इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे मूळ कागदांत हा फेब्रुवारी १६४३चा दिसतो, आपल्या हिशेबाने मात्र तो १६४४चा. पहिली काही वर्षं मी १६४३ धरूनच शिकवत होतो. त्यामुळे गोष्ट पार उलटी होत होती, आधी संसदेकडे गेला आणि मग राजाकडे आला अशी. एका विद्यार्थिनीने उभं राहून विचारलं, "सर, मग पलटण कधी उभी केली?" घरी जाऊन तपासलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. तुमच्या खर्ड्यातही हीच चूक आहे. जानेवारी ते मार्च यांतली कुठलीही तारीख दोनदा तपासा.

तर, रकाने भरू. हातात दोन पदं होती, ती सोडली. मिळालं काय? चौकशी आणि ५०० पौंडांचा दंड. वारं कुठलं? ही जागा खरोखर वादाची आहे. जानेवारीत स्कॉटिश फौज संसदेच्या मदतीला सरहद्द ओलांडून आली होती, त्यामुळे पुढचं ओळखून गेला असं म्हणता येतं. पण नैऋत्य इंग्लंडात, जिथे याच्या जमिनी होत्या, तिथे राजाचाच वरचष्मा होता. बाजू बदलणं म्हणजे घरदार शत्रूच्या हाती सोडून जाणं. मला वाटतं दोन्ही कारणं होती: वेमथ प्रकरणाचा अपमान आणि कॅथलिक प्रभावाची खरी धास्ती. कुणाला यात निव्वळ गणित दिसलं तर मी भांडणार नाही. निव्वळ तत्त्व दिसलं तर मात्र भांडेन.

यादवीत राजा हरला, त्याचा शिरच्छेद झाला आणि सत्ता क्रॉमवेलकडे गेली. हा क्रॉमवेलचा काळ झटपट उरकतो. १६५३च्या, निवडून न देता नेमलेल्या बेअरबोन संसदेत तो होता, मग क्रॉमवेलच्या कौन्सिलवर. १६५४ संपता संपता त्याने कौन्सिलच्या बैठकांना जाणं सोडलं. तेव्हा क्रॉमवेल ऐन भरात होता, म्हणजे ही उडी वाऱ्याच्या विरुद्ध. कारण सरळ दिसतं. लष्कराच्या जोरावरच्या राजवटीला संसदेची मान्यता मिळवून द्यायची खटपट फसली होती. १६५६ मध्ये तो निवडून आला, पण सभागृहात येऊ न दिलेल्या शंभरेक सभासदांत त्याचंही नाव होतं.

याच्याशी जोडलेली एक गंमत तुमच्या प्रेक्षकांना आवडेल. १६४० मध्ये तो डाउनटनमधून दीर्घ संसदेसाठी (१६६० पर्यंत रीतसर विसर्जितच न झालेल्या) उभा राहिला होता. निवडणुकीवर वाद झाला आणि निकाल अडकला. सभासद म्हणून त्याला तिथे बसू दिलं ते १६६०च्या जानेवारीत. एकोणीस वर्षांहून जास्त! आपल्याकडे निवडणूक याचिका रेंगाळतात म्हणून ओरडतो आपण.

मग १६६०. राजा परत येणार हे स्पष्ट झाल्यावर चार्ल्स दुसरा याला आणायला संसदेने जे बारा जण हॉलंडला पाठवले त्यांत हा होता. महिनाभरात प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे राजाचं सल्लागार मंडळ, १६६१ मध्ये लॉर्ड अ‍ॅश्ली ही पदवी आणि चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर, म्हणजे खजिन्याचा कारभार. ही उडी वाऱ्यासोबत होती, यात शंका घ्यायला जागा नाही. वर १६६०च्या ऑक्टोबरमध्ये राजाच्या वधाबद्दल ज्यांच्यावर खटले चालले, त्यांच्या न्यायासनावर हा बसला. पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदात याचा हात नव्हता हे खरं. पण वधानंतर जी राजवट आली तिच्या कौन्सिलवर बसलेला माणूस आता वध करणाऱ्यांचा न्याय करत होता. आरोपीच्या पिंजऱ्यातून याच्याकडे कसं पाहिलं गेलं असेल, याचा प्रवेश लिहा. हा प्रवेश त्याच्या बाजूने लिहिता येणार नाही, आणि लिहूही नका.

आता त्याच्या शरीराबद्दल, कारण नटाला ते लागेल. हॉलंडच्या त्या प्रवासात त्याची गाडी उलटली आणि पोटाच्या उजव्या बाजूला दुखणं लागलं, असं सांगतात. १६६६ मध्ये ऑक्सफर्डला औषधी पाण्यासाठी गेला असता त्याची गाठ वैद्यक शिकणाऱ्या जॉन लॉकशी पडली, आणि पुढच्या वर्षी लॉक लंडनला त्याच्या घरी राहायला आला. १६६८च्या जूनमध्ये ती गाठ फोडायचं ठरलं. भूल नाही, प्रतिजैविकं नाहीत. लॉकच्या देखरेखीखाली सर्जनने बाहेरून वाट करून गाठ फोडली, आणि आतून पुवासोबत पातळ कातड्यासारखे पापुद्रे आले. माझ्या एका डॉक्टर मित्राला लॉकच्या नोंदींचा सारांश ऐकवला तेव्हा तो लगेच म्हणाला, "यकृतातला हायडॅटिड सिस्ट. कुत्र्या-मेंढरांतून येणाऱ्या जंताचा." आत निचऱ्यासाठी चांदीची नळी बसवली, आणि ती काढायची की ठेवायची यावर बराच खल होऊन ठेवायची ठरली. ती शेवटपर्यंत राहिली, म्हणजे साडेचौदा वर्षं.

विरोधकांना आयतंच सापडलं. त्याला तोटी म्हणू लागले. पुढे पोलंडच्या निवडणुकीने दिल्या जाणाऱ्या गादीवर याचा डोळा होता अशी थट्टा उठवली आणि नाव ठेवलं "टॅप्स्की". पिंपाच्या तोटीला पोलिश शेपूट. तुमच्या नटाने उजवी कूस सांभाळत उठावं, बसावं. एकदाही नळीचा उल्लेख न करता प्रेक्षकांना कळेल की याच्या अंगात काहीतरी आहे.

१६७२च्या एप्रिलमध्ये तो शाफ्ट्सबरीचा अर्ल झाला, नोव्हेंबरमध्ये लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे न्यायखात्याचा प्रमुख. क्लिफर्ड, आर्लिंग्टन, बकिंगहॅम, अ‍ॅश्ली, लॉडरडेल या पाच मंत्र्यांच्या आद्याक्षरांवरून "कबाल" म्हणायचे ते हेच मंत्रिमंडळ. (शब्द जुनाच, अर्थ कारस्थानी कंपू; अक्षरं योगायोगाने जुळली.) डच लोकांविरुद्धच्या युद्धाला पाठिंबा देताना १६७३च्या फेब्रुवारीत त्याने रोमन केटोचं "कार्थेज नष्ट झालंच पाहिजे" हे वाक्य संसदेत वापरलं. कार्थेज म्हणजे हॉलंड. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

त्याला माहीत नव्हतं ते हे: १६७०च्या डोव्हरच्या गुप्त तहात चार्ल्सने फ्रान्सच्या चौदाव्या लुईला आपण कॅथलिक पंथ स्वीकारल्याचं जाहीर करू असा शब्द दिला होता आणि त्याबद्दल पैसे घेतले होते. क्लिफर्ड आणि आर्लिंग्टनने त्यावर सही केली. अ‍ॅश्लीला दाखवला तो धर्माचं कलम वगळलेला दुसरा, खोटा तह, आणि त्यावर याने सही केली. १६७३ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांना कॅथलिक नसल्याची परीक्षा घालणारा टेस्ट अ‍ॅक्ट आला. राजाचा भाऊ आणि वारस जेम्स, ड्यूक ऑफ यॉर्क, याने आरमारप्रमुखपद सोडलं. तो कॅथलिक झालाय हे त्यातून उघड झालं. शाफ्ट्सबरीने टेस्ट अ‍ॅक्टला साथ दिली होती, आणि नोव्हेंबरमध्ये राजाने त्याला काढून टाकलं. इथे प्रामाणिक राहायला हवं: त्याने राजीनामा फेकला नाही, त्याची हकालपट्टी झाली. एकांकिकेत "मी हे पद ठोकरतो" असं वाक्य टाकलंत तर टाळी मिळेल, पण ते खोटं असेल.

इथून पुढची दहा वर्षं मात्र तिसरा रकाना एकसारखा भरतो. वारं त्याच्या तोंडावर आहे आणि तो हलत नाही. १६७७ मध्ये, पंधरा महिने तहकूब ठेवलेली संसद कायद्याने विसर्जितच झाली आहे असा मुद्दा काढल्याबद्दल त्याला टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात टाकलं. त्याच्यासोबतचे सरदार माफी मागून काही महिन्यांत सुटले. हा वर्षभर आत बसला, आणि १६७८च्या फेब्रुवारीत गुडघे टेकून माफी मागितली तेव्हा सुटला. १६७९च्या एप्रिलमध्ये राजाने त्याला जवळ ओढायला म्हणून पुन्हा कौन्सिलचं अध्यक्षपद दिलं. संधिसाधू इथे मऊ पडला असता. हा अध्यक्षाच्या खुर्चीत बसूनही राजाच्या भावाला गादीवरून दूर ठेवणाऱ्या विधेयकामागे उभा राहिला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बाहेर. मधल्या मे महिन्यात हेबियस कॉर्पसचा कायदा झाला. आज मुंबई उच्च न्यायालयात कुणी "माझ्या माणसाला कोर्टापुढे हजर करा" म्हणून अर्ज करतं, त्या उपायाच्या इतिहासातला हा मोठा टप्पा.

आणि मुंबईचं नाव निघालंच आहे तर सांगतो. हा सगळा वारसाहक्काचा तंटा उभा राहिला कशामुळे? चार्ल्स दुसरा आणि पोर्तुगालची कॅथरिन ऑफ ब्रागांझा यांना मूल झालं नाही म्हणून. हे तेच लग्न, ज्याच्या १६६१च्या तहात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला मिळालं, आणि मग १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्यावर ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. आंदण आलं आणि टिकलं, पाळणा मात्र हलला नाही. म्हणून वारस ठरला तो कॅथलिक जेम्स. शाफ्ट्सबरीने तर राजाने घटस्फोट घेऊन प्रॉटेस्टंट राणी करावी असंही लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या सरदारांच्या सभागृहात सुचवलं होतं.

जेम्सला गादीपासून दूर ठेवणारं विधेयक लॉर्ड्समध्ये पडलं ते १५ नोव्हेंबर १६८० ला, ६३ विरुद्ध ३०. राजा स्वतः सभागृहात शेकोटीशी उभा राहून ऐकत होता. विधेयकाविरुद्ध तासन्‌तास बोलून ते पाडणारा हॅलिफॅक्स कोण, तर शाफ्ट्सबरीच्या पहिल्या बायकोच्या बहिणीचा मुलगा. मावशीच्या यजमानांना भर सभागृहात लोळवलं. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला घरातल्या घरातलं राजकारण समजावून सांगावं लागणार नाही, हा प्रवेश चुकवू नका.

आता मला सगळ्यात जड जाणारा भाग. १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या लफंग्याने कॅथलिकांनी राजाच्या खुनाचा कट केलाय अशी थाप उठवली. सगळा देश भेदरला. निरपराध माणसं फासावर गेली. शाफ्ट्सबरीने ही थाप रचली नाही. पण तिच्यावर स्वार तो झाला. साक्षीदार खोटे आहेत हे त्याच्यासारख्या मुरलेल्या माणसाला कळत नव्हतं, यावर माझा विश्वास बसत नाही. म्हातारा लॉर्ड स्टॅफर्ड १६८०च्या डिसेंबरमध्ये मारला गेला, त्याच्या दोषाच्या बाजूने याचं मत होतं. आयर्लंडचे आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांना १ जुलै १६८१ ला टायबर्नला, लंडनच्या फाशीच्या जागी, फाशी दिलं. दुसऱ्याच दिवशी, २ जुलैला, राजद्रोहाच्या आरोपाखाली शाफ्ट्सबरीला उचलून टॉवरमध्ये टाकलं, आणि त्याच्याविरुद्ध उभे केलेल्यांत त्याच जातीचे भाडोत्री साक्षीदार होते. एकांकिकेचा कणा तुम्हाला मिळालाय का असं मला विचाराल, तर या दोन तारखा. आदल्या दिवशी याच्या साक्षीदारांनी दुसऱ्याचा जीव घेतला, दुसऱ्या दिवशी साक्षीदार राजाकडे गेले. फिरले ते साक्षीदार.

तो वाचला तो लंडनच्या शेरीफांमुळे. २४ नोव्हेंबर १६८१ ला ओल्ड बेली या लंडनच्या कोर्टात ग्रँड ज्युरी, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणारे पंच, बसली. ती निवडणारे शेरीफ व्हिग होते. ज्युरीने कागदावर लिहिलं "इग्नोरामस", म्हणजे खटला चालवण्याइतकं आम्हाला काही दिसत नाही. ही निर्दोष मुक्तता नसते, खटला उभाच राहत नाही. रात्री शहरात होळ्या पेटल्या. हा न्याय होता की बाजूचे पंच, याचं उत्तर तुम्ही कुणाच्या घरात जन्मलात यावर ठरलं असतं.

पक्षबदलू ही त्याची प्रतिमा मुख्यतः याच आठवड्यातली आहे. ज्युरी बसायच्या आठवडाभर आधी कवी जॉन ड्रायडनने त्याला बायबलमधल्या दगाबाज सल्लागाराच्या रूपात रंगवणारं दीर्घकाव्य छापलं. कविता अस्सल आहे, म्हणून तर साडेतीनशे वर्षं टिकली. पण कवीचाही रकाना भरा: १६५९ मध्ये क्रॉमवेलवर शोककाव्य, १६६० मध्ये चार्ल्सचं स्वागतकाव्य, आणि जेम्स राजा झाल्यावर कॅथलिक पंथाचा स्वीकार. क्लॅरेंडन, बर्नेट या त्याच्या काळातल्या इतिहासकारांनीही याच्याबद्दल लिहिलं, तेही याच्या बाजूचे नव्हते. त्याने स्वतः लिहिलेलं आहे ते मुख्यतः तरुणपणाबद्दल. म्हणजे बचावाची कैफियत जिथे हवी तिथेच ती नाही.

दुसऱ्या टोकाच्या लेबलापासूनही सावध राहा. "लोकशाहीचा आद्य पुरस्कर्ता" ही उपाधी त्याला अजिबात शोभत नाही. कॅरोलायना वसाहतीच्या आठ मालकांपैकी तो एक. १६६९ मध्ये तिच्यासाठी जी घटना झाली, तिच्यात वंशपरंपरागत सरदार आहेत आणि मालकाला आपल्या निग्रो गुलामावर संपूर्ण सत्ता दिली आहे. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे पैसे होते, आणि तरुणपणी बार्बाडोसमध्ये मळ्याचा हिस्सा. त्याचं "स्वातंत्र्य" म्हणजे जमीनदार प्रॉटेस्टंट इंग्रजाचं स्वातंत्र्य: राजाने संसदेला न विचारता त्याच्या इस्टेटीला, देवाला आणि अंगाला हात लावू नये. ही व्याख्या अरुंद आहे, पण १६४४ पासून १६८२ पर्यंत ती फारशी बदललेली मला दिसत नाही. त्या व्याख्येचा रखवालदार म्हणून कधी त्याला राजा चालला, कधी क्रॉमवेल. रखवालदार चोर निघतोय असं वाटलं की तो दार बदलत होता. त्यात स्वतःचं ताट मांडायला विसरत नव्हता, हेही तेवढंच खरं.

म्हणून माझं उत्तर असं. १६६०ची उडी संधीची, १६४४ची मिश्र, १६५४ची आणि १६७३ नंतरची तोट्याची. खलनायक करायचाच असेल तर बाजू बदलल्याबद्दल करू नका, ओट्सच्या थापेबद्दल करा. तो गुन्हा त्याने बाजू न बदलता केलाय.

शेवटचा प्रवेश तुम्ही लंडनमध्ये ठेवलाय, तो हॉलंडमध्ये न्या. १६८२ मध्ये शहराचे शेरीफ टोरी झाले, म्हणजे पुढची ज्युरी वाचवणार नव्हती. काही आठवडे तो वॉपिंगच्या गल्ल्यांत लपला, मग नोव्हेंबरमध्ये समुद्रापलीकडे अ‍ॅम्स्टरडॅमला. ज्या देशाला त्याने कार्थेज म्हटलं होतं, तिथेच आसरा मागायची वेळ आली. नागरिकत्व देताना शहराने "कार्थेज अजून नष्ट झालेलं नाही, ते तुम्हाला कुशीत घेतंय" असं सुनावलं, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच वापरा. २१ जानेवारी १६८३ ला तो तिथे वारला, वय एकसष्ट. शव डॉर्सेटला परत आणून जन्मगावी पुरलं. दोन वर्षांनी जेम्स गादीवर आला, १६८८ मध्ये पळाला, आणि १६८९ मध्ये संसदेने कॅथलिक माणसाला इंग्लंडची गादी कायमची बंद केली. हे पडद्यावर अक्षरांत दाखवू नका, प्रेक्षक घरी जाऊन शोधतील.

खर्ड्यातल्या दोन दुरुस्त्या राहिल्या. पहिल्या प्रवेशात, १६४४ मध्ये, सगळे त्याला "लॉर्ड शाफ्ट्सबरी" म्हणतायत. तेव्हा तो फक्त सर अँथनी होता, १६६१ पासून लॉर्ड अ‍ॅश्ली आणि शाफ्ट्सबरी १६७२ पासून. आणि तो कॉफीचा पेला त्याच्या हातातून काढा. लंडनचं पहिलं कॉफीहाउस १६५२चं, १६४४च्या डॉर्सेटमध्ये कॉफी आणणार कुठून? बिअर द्या त्याला. पातळ मात्र देऊ नका, एक्सेटर कॉलेजात काय झालं ते वर लिहिलंय.